रस्त्याची रुंदी मोजली, नदी कोण मोजणार?

मे महिन्याच्या अखेरीला बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्याशी उल्हास नदीत जे पाणी दिसतं, ते बरंचसं नदीचं स्वतःचं नसतं. ते घाटावरून आलेलं असतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी सह्याद्री उतरून भिवपुरीच्या वीजगृहात येतं, जनित्रं फिरवतं, थोडं राजनाल्याने कर्जतच्या शेतांत जातं आणि उरलेलं पेज नदीतून उल्हासला मिळतं. १९२२ पासून हा क्रम चालू आहे. कोकणातल्या बहुतेक नद्यांची होळीनंतर डबकी उरतात, उल्हास मात्र वाहती राहते, ती यामुळे. घाटावर वीजनिर्मिती कमी झाली की खाली जॅकवेलमधली, म्हणजे नदीतून पाणी उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीतली, पातळी उतरते आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंत पाणीकपातीची चर्चा सुरू होते. हे पाणी मुळात भीमा खोऱ्यातलं, ते पुन्हा पूर्वेकडे वळवा, अशी मागणीही घाटावरून होत असते.

बदलापूरच्या वाढीचा विषय निघाला की बोलणं लोकलची गर्दी, खड्डे आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षांवर येऊन थांबतं. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. पण रूळ वाढवता येतात, खड्डा बुजवता येतो. नदी वाढवता येत नाही. या गावात आणखी किती घरं बांधू द्यायची, हे उल्हासच्या तीन मापांवरून ठरायला हवं: उन्हाळ्यात तिच्यात किती पाणी राहतं, पावसाळ्यात ती कुठवर चढते आणि आपला किती मैला ती पचवू शकते. आज मात्र ते ठरतं प्लॉटसमोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून.

मुळात ही दोन गावं. बदलापूर गाव पश्चिमेला, स्टेशनापासून लांब, नदीच्या अंगाला. आणि कुळगाव रुळाजवळ. म्हणून नगर परिषदेचं नावही कुळगाव-बदलापूर असं जोडनाव आहे. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, अशी आख्यायिका जुनी माणसं सांगतात. १८५६ साली रेल्वे कल्याणहून खोपोलीच्या दिशेने गेली आणि या वाटेवरची गावं मुंबईला जोडली गेली. तरी पुढची शंभरेक वर्षं बदलापूर भाताचं, गवताचं, दुधाचं आणि जांभळांचंच गाव राहिलं. अंबरनाथला कारखाने उभे राहिले, पाठोपाठ इकडेही एमआयडीसी आली, तेव्हा नोकरीवाल्यांची पहिली वस्ती झाली. खरी रीघ लागली ती १९८२ च्या गिरणी संपानंतर. लालबाग-परळच्या चाळीतली खोली विकून किंवा भावाच्या हवाली करून माणसं मध्य रेल्वेने पुढे पुढे सरकत गेली: आधी डोंबिवली, मग कल्याण, मग अंबरनाथ-बदलापूर. मुंबईत मराठी टक्का घसरला म्हणून भाषणं होतात, तो घसरलेला टक्का कुठे राहायला गेला हे पाहायचं असेल तर सकाळी सहाच्या सुमाराला या फलाटांवर उभं राहावं.

१९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली, तेव्हा हे गावही तिच्यात घातलं गेलं. १९९२ साली ते बाहेर पडलं आणि त्याची स्वतंत्र नगर परिषद झाली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ ला ती १ लाख ७४ हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ. त्यानंतर २०२१ ची जनगणनाच झाली नाही. टॉवर मात्र त्याच काळात उभे राहिले. पाण्याची योजना असो, कचऱ्याची असो की दवाखान्याची, सरकारी कागदावर अजून २०११ चा आकडा आणि त्यावर कुणीतरी मारलेला अंदाज असतो. घरात माणसं किती हे न विचारता आधण ठेवावं, तसं हे आहे.

आता परवानगी कशी मिळते ते पाहू. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात मूळ चटईक्षेत्र (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं माप), पैसे भरून मिळणारं जादा चटईक्षेत्र आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, यांचा तक्ता आहे. या तक्त्यात रस्त्याच्या रुंदीचे टप्पे पाडले आहेत: नऊ मीटरच्या आत, नऊ ते बारा, असे चढत तीस मीटरच्या पुढेपर्यंत. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त. अग्निशमनाची गाडी फिरली पाहिजे, वाहनं मावली पाहिजेत, या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण त्याच तक्त्यात त्या रस्त्याखालच्या जलवाहिनीचा व्यास किती, तिच्यात दाब किती, गटार आहे की नाही, याला एकही रकाना नाही. मग गावाबाहेर भातशेतातून विकास आराखड्यातला अठरा मीटरचा रस्ता आखला जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजल्यांचे नकाशे मंजूर होतात आणि रस्त्याखाली असते ती जुन्या वस्तीसाठी टाकलेली बारीक लाइन. ती तिथवर पोचली असेल तर.

एक साधा हिशेब. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. चारशे फ्लॅटचं संकुल, घरात सरासरी चार माणसं, म्हणजे १,६०० माणसं. त्यांना रोज २ लाख १६ हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे साधारण बावीस टँकर. हे एका संकुलाचं झालं. नळाला निम्मंच पाणी आलं तर बाकीच्यासाठी रोज अकरा टँकर मागवावे लागतात. एक टँकर दोन हजार रुपयांना धरला तर दिवसाला बावीस हजार, महिन्याला ६ लाख ६० हजार आणि प्रत्येक घराच्या मेंटेनन्समध्ये १,६५० रुपयांची भर. स्वस्त म्हणून घेतलेल्या घराचा हा न सांगितलेला हप्ता. बँकेचा हप्ता वीस वर्षांनी फिटतो, हा फिटत नाही.

घर घेताना हे कळत का नाही? कारण कागद बिनचूक असतात. नळाचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय मी करीन, असं हमीपत्र विकासक देतो. त्या हमीवर बांधकाम सुरू होतं, पुढे भोगवटा प्रमाणपत्रही, म्हणजे राहायला येण्याची परवानगीही, मिळते. सोय म्हणजे बोअरवेल आणि टँकर. ठाणे-रायगडची जमीन काळ्या कातळाची. या दगडात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. भेग लागली तर बोअर चालते, नाही तर दोनशे फुटांवरही नुसती भुकटी. आणि लागलेली भेग शेजारच्या संकुलाच्या बोअरलाही तेच पाणी देत असते. पहिल्या इमारतीला डिसेंबरपर्यंत पुरलेली बोअर, तिसरी इमारत उभी राहिली की दिवाळीतच हवा फेकायला लागते. मग टँकर. टँकरवाल्याचं पाणी आसपासच्या विहिरींचं, म्हणजे ज्या गावांनी जमिनी दिल्या त्यांच्याच वाट्याचं.

नळाचं पाणी येतं तेही कसं, ते पाहायला हवं. बदलापुरात पाणी देते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, नगर परिषद नव्हे. म्हणजे बांधकामाला हो म्हणणारा एक आणि पाणी देणारा दुसरा. एकाने शंभर घरं मंजूर केली म्हणून दुसऱ्याची टाकी मोठी होत नाही. पाणी पुरेना की ते पाळीने सोडतात. पाळी आली की नदीजवळच्या, उताराच्या वस्तीला भरपूर मिळतं, लाइनच्या शेवटच्या टोकाला धार करंगळीएवढी येते. मग शेवटची सोसायटी थेट लाइनवर मोटर लावते, तिच्या अलीकडची त्याहून मोठी लावते. पाणी बंद असतं तेव्हा त्या पाइपात पोकळी होते आणि सांधा जिथे सैल असेल तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं, ते यामुळे. पावसाळ्याच्या तोंडाला कावीळ आणि जुलाबाचे रुग्ण एकाच गल्लीत सापडतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी चांगलंच असतं, ते वाटेत बिघडतं. अधूनमधून पुरवठ्याची पद्धत चालू आहे तोवर केंद्रावर कितीही खर्च केला तरी हा दोष जायचा नाही.

जे पाणी आत येतं, त्याचं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. त्याच चारशे फ्लॅटचं रोज १ लाख ७३ हजार लिटर. भुयारी गटाराला जोडणी असेल तर ते प्रक्रिया केंद्रात जाईल. नसेल तर सेप्टिक टँक. सेप्टिक टँक म्हणजे दोन-तीन कप्प्यांची टाकी. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. बैठ्या घराला, आजूबाजूला परसबाग असेल तर ही रचना उत्तम चालते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली जमीन पाण्याने भरलेली असते, शोषखड्डा काहीच शोषत नाही. त्यातून दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायचा असतो तो कुणी वेळेवर उपसत नाही, कारण उपसण्याची गाडी बोलवायला पैसे लागतात आणि टाकी तुंबेपर्यंत कुणाला आठवणच होत नाही. मग वरचं पाणी सरळ नाल्यात. नाला नदीत. आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला मोहिलीला कल्याण-डोंबिवलीसाठी पाणी उचललं जातं. वरच्याने सोडलेलं खालच्याने प्यायचं. उन्हाळ्यात रायते, कांबा, वरप या पट्ट्यात नदी जलपर्णीने हिरवीगार होते. लांबून छान दिसते. पण जलपर्णी वाढते ती पाण्यात नत्र आणि स्फुरद साचल्यामुळे, म्हणजे आपल्याच मोरी-संडासातून गेलेल्या खतावर. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणावरून इथल्या पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून शंभर कोटींच्या घरातली रक्कम भरायला सांगितली होती. त्यानंतरही उन्हाळा आला की यंत्रं लावून जलपर्णी काढण्याचे कार्यक्रम होतात. पान काढून मूळ जात नाही, आणि इथलं मूळ नाल्याच्या तोंडाशी आहे.

आता पूर. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर. जुलैत हे दोन आकडे इथल्या माणसांना तिकिटाच्या दरासारखे पाठ असतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवशी उल्हासने काय केलं हे फक्त काठच्यांना आठवतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. रूळ बांधणाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी भराव उंच टाकला होता, तरी पाणी तिथे चढलं. हेंद्रेपाडा, वालिवलीसारख्या भागांत तळमजल्यावरच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये गादी माळ्यावर ठेवण्याची सवयच करून घेतली आहे.

पूररेषा दोन असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नको, तिथे बाग, मैदान, वाहनतळ चालेल. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर हवं. कागदावर नियम चांगला वाटतो. पण तो प्लॉटचा विचार करतो, नदीचा नाही. जोतं वर न्यायचं म्हणून अख्ख्या प्लॉटमध्ये भराव टाकला जातो. एक एकर जागेत दीड मीटर भराव म्हणजे सहा हजार घनमीटर माती-मुरूम, साडेचारशे-पाचशे हायवा डंपर. पुरात त्या जागेवर साठलं असतं ते साठ लाख लिटर पाणी आता तिथे मावत नाही. ते शेजारच्या जुन्या चाळीत जातं. नव्या इमारतीचं पार्किंग कोरडं राहतं आणि चाळीस वर्षं कधी पाणी न आलेल्या घरात चुलीपर्यंत पाणी येतं. दोघांचेही कागद कायदेशीर.

भराव पडण्याआधी तिथे काय होतं, हेही पाहू. भाताचं खाचर. त्याचा बांध फूटभर उंच. एक एकराच्या खाचरात एक फूट पाणी थांबलं तर ते सुमारे बारा लाख लिटर होतं. शेतकरी ते थांबवतो ते आपल्या भातासाठी. पण जोराचा पाऊस पडतो तेव्हा तेच पाणी काही तास नदीपासून रोखून धरलं जातं. एक खाचर भरलं की बांधाच्या तोंडातून पाणी खालच्या खाचरात उतरतं, तिथून आणखी खालच्या, आणि मग ओहोळाला लागतं. अशी शेकडो खाचरं बेलवलीपासून एरंजाडपर्यंत होती. कुणी धरण म्हणून ती मोजली नाहीत. बिनशेती झाल्यावर त्या जागी स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबर आलं. आता पाऊस पडल्या पडल्या नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातो. पातळी पूर्वीपेक्षा लवकर चढते ती आभाळ जास्त फाटलं म्हणूनच असं नाही. पूररेषा आखताना धरलेली जमीन आता तशी राहिलेली नाही, म्हणून रेषाही दर काही वर्षांनी नव्याने आखायला हवी. आणि ती केवळ नकाशात ठेवून चालणार नाही. गावठाणात, रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबावर निळा आणि लाल पट्टा मारा. घर बघायला आलेल्या जोडप्याने तो पट्टा बघावा आणि मग सॅम्पल फ्लॅट बघावा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. परवानग्या आवळल्या तर घरं महाग होतील. मुंबईतून बाहेर फेकला गेलेला माणूस बदलापूरलाही घर घेऊ शकणार नाही, तो वांगणी-नेरळला ढकलला जाईल. खरं आहे. पण आज तो ढकलला जात नाही का? बदलापूर महागलं म्हणून वांगणी, वांगणी भरली म्हणून शेलू, हे चालूच आहे, आणि तिथे पाण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या विहिरीवर आहे. स्वस्त घराची किंमत दोनदा मोजली जाते: एकदा बिल्डरला, दुसऱ्यांदा टँकरला, दवाखान्याला आणि प्रवासाला. प्रवासाचंच पाहा. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथची माणसं उलटी बदलापूरला येतात आणि तीच गाडी पकडून मुंबईकडे निघतात. बदलापूरच्या माणसाला त्याच्याच स्टेशनावर सुटणाऱ्या गाडीत उभं राहावं लागतं आणि मग फलाटावर भांडणं होतात. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, चौदा किलोमीटरची. पण ती पुरी होईपर्यंत पुण्याच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल दोनच रुळांवरून जातात. म्हणजे घरं आधी, रूळ मागून. घरं आधी, नळ मागून. घरं आधी, गटार तर त्याहून मागून. हा क्रम उलटा केला म्हणून घरं महागणार नाहीत, त्यांची खरी किंमत आधी दिसेल इतकंच.

क्रम उलटत का नाही, याचं कारण कुणाच्या दुष्टपणात शोधू नये. ते पैशाच्या वेळापत्रकात आहे. विकास शुल्क आणि जादा चटईक्षेत्राचं अधिमूल्य हे परवानगी देतानाच तिजोरीत जमा होतात. पाइप बदलणं, मलनिस्सारण केंद्र चालवणं, रस्ते दुरुस्त करणं हा खर्च दहा-वीस वर्षं चालतो. 'अ' वर्ग झाली तरी ती नगर परिषदच. तिचं स्वतःचं उत्पन्न तोकडं, अभियंते थोडे. तिला आज परवानगी दिली तर आज पैसे मिळतात. नाही म्हटलं तर आजचा पगार अडतो. नदीचा धनी जलसंपदा विभाग, नळाचा जीवन प्राधिकरण, नकाशाचा नगर परिषद, प्रदूषणाचं प्रदूषण नियंत्रण मंडळ. या चौघांच्या सह्या एका कागदावर येण्याची जागाच नाही, म्हणून ती जागा निर्माण करणं हे पहिलं काम.

ती जागा म्हणजे पाण्याचा ताळेबंद. नगर परिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर दर महिन्याच्या पाच तारखेला चार आकडे लागावेत: गेल्या महिन्यात नदीतून रोज किती पाणी उचललं, त्यातलं ग्राहकांच्या मीटरपर्यंत किती पोचलं, मंजूर झालेल्या पण अजून राहायला न आलेल्या घरांना किती लागेल, आणि मेअखेर नदीत उचलण्याजोगं किती उरतं. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. आज जी पाण्याची ओरड होते ती राहणाऱ्यांची असते. मंजूर होऊन बांधकामात असलेली घरं अजून ओरडत नाहीत, म्हणून ती कुणी मोजत नाही. चौथ्यातून तिसरा वजा करून उरतं तेवढ्याच नव्या घरांना जोत्याच्या वरची परवानगी मिळावी. जोत्यापर्यंत बांधा, पुढचं थांबा. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते फ्लशिंगला वापरण्याची दुहेरी नळव्यवस्था घालावी; घरातलं साधारण तिसरा हिस्सा पाणी फ्लशला जातं, तेवढी त्यांची मागणी कमी धरता येईल. पण ती व्यवस्था चालू आहे का, हे वर्षाने जाऊन तपासायला हवं. आज संकुलांतली छोटी प्रक्रिया केंद्रं अनेकदा बंद असतात, कारण ब्लोअरचं, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राचं, वीजबिल सोसायटीला परवडत नाही आणि चालवायला येणारा माणूस तासभर थांबून निघून जातो. दहा सोसायट्यांना मिळून एक केंद्र आणि एक पूर्णवेळ चालक, हे जास्त टिकतं.

आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी हमीपत्र नको, मीटरचं वाचन हवं. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत नळाच्या लाइनमधून सलग पंधरा दिवस किती पाणी पडलं, ते लिहून घ्या. उन्हाळ्यातले पंधरा दिवस. जुलैचं वाचन कुणीही आणून देईल.

हा भार मात्र एकट्या बदलापूरने उचलायचा नाही. मुंबई रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी वापरते आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास भातसाचं. भातसा काळू नदीला मिळते आणि काळू पुढे कल्याणजवळ उल्हासलाच. म्हणजे मुंबई जे पिते त्यातलं बरंचसं याच खोऱ्यातलं. बारवीचं धरण एमआयडीसीचं; त्याची उंची वाढली तेव्हा तोंडली, काचकोली, मोहघर यांसारखी गावं उठली आणि पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना गेलं. शहापूर तालुक्यात भातसा-तानसाच्या शेजारच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. या खोऱ्याने पाणी दिलं, जमीन दिली, आता मुंबईची माणसंही सामावून घेत आहे. मुंबईतल्या प्रत्येक पुनर्विकासातून आणि प्रत्येक नव्या चटईक्षेत्रातून पैसा तयार होतो. जी कुटुंबं त्या पुनर्विकासात बाहेर जातात, त्यांच्या पाठोपाठ त्या पैशाचा वाटा उल्हासकाठच्या गटारासाठी, पाइपसाठी, रुळांसाठी यायला हवा. मुंबईने उपकार म्हणून तो देऊ नये, देणं म्हणून द्यावा.

हा प्रश्न आता पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही. २०२४ च्या शासन निर्णयानंतर गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणी इथे मिळून सुमारे ८१ हजार घरांचा प्रस्ताव पुढे आला. कामगारांनी मुंबईतच घर हवं म्हणून आंदोलन केलं, आणि ज्यांच्या घामावर गिरण्यांच्या जमिनींचं सोनं झालं त्यांचा तो हक्क आहे. पण कामगारांच्या बाजूने बोलणारेही एक गोष्ट विचारायला विसरले. ८१ हजार घरं, घरात चार माणसं धरली तर सव्वातीन लाख लोक. बदलापूरची २०११ ची लोकसंख्या जवळपास दुप्पट करावी, तेवढे. रोज ४ कोटी ३७ लाख लिटर पाणी, आणि साडेतीन कोटी लिटर सांडपाणी. शेलू आणि वांगणी ही बदलापूरच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे उचललेलं पाणी बॅरेजवर पोचणार नाही, आणि तिथे सोडलेलं सांडपाणी नक्की पोचेल.

तेव्हा या प्रस्तावाची पुढची बैठक होईल तिथे घराचा आकार आणि किमतीआधी तीन गोष्टी कागदावर मागा. पाणी कुठल्या ठिकाणाहून उचलणार आणि मे महिन्यात तिथे किती असतं. सांडपाणी कुठल्या नाल्याला सोडणार आणि तो नाला कुठल्या जॅकवेलच्या वर आहे. आणि त्या जागेवरून लाल पूररेषा कुठून जाते, आणि तिच्या आत किती भराव पडणार आहे. उत्तरांवर जलसंपदा विभागाच्या आणि जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांची सही असू द्या, आणि तो कागद मंत्रालयाबरोबर वांगणीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि बदलापूर स्टेशनच्या पुलावरही लावा.